जबड्याची जागा

माझा जबडा मोडला हे मला सगळ्यात आधी दातांनी सांगितलं. दुखणं नंतर आलं. मार बसला, कानाजवळ काडकन वाजलं, मी चुलीपाशी पडले आणि तोंड मिटायला गेले, तर दात दातांवर बसेनात. डावीकडची एक दाढ तेवढी टेकायची. बाकी सगळे अधांतरी. आपलंच तोंड, पण दुसऱ्याच्या तोंडात जीभ फिरवतेय असं वाटत होतं.

मारणारा माझा नवरा, नवल. साक्रीकडे त्याची थोडी शेती आहे, पण खरा धंदा बैलांचा. एका बाजारात घ्यायचे आणि दुसऱ्या बाजारात विकायचे. बैलाचा ओठ उचलून दात पाहिले की तो वय सांगतो आणि ते कधी चुकत नाही. त्या दिवशी बाजारात त्याची एक जोडी कोणी घेतली नाही, म्हणून तो तापून आला होता. मी पाणी द्यायला उशीर केला. कारण एवढंच, आणि ते नसतं तरी त्याचं काही अडलं नसतं. बैल हाकायच्या दांडक्याची मूठ त्यानं माझ्या गालावर घातली आणि जेवायला बसला. मारलं ते मी एक वेळ विसरेन, पण तो जेवायला बसला हे विसरणार नाही. मी खाली पडलेली, तोंडातून लाळ आणि रक्त गळतंय, आणि हा आईला हाक मारतोय की भाकर वाढ.

सासू बेबाबाईनं माझी हनुवटी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं डोक्यावरून आवळून बांधली, हळद थापली आणि विचारेल त्याला सांगितलं, "ओटावरथीन पडनी." दवाखान्यात नेलं नाही, कारण दवाखान्यात विचारतात. हाड जमलं, पण त्याच्या मनाला आलं तसं जमलं. डावीकडून आखूड. तोंड मिटताना हनुवटी डावीकडे सरकायची, उजवीकडच्या दाढांत बोटभर फट राहायची. कान ठणकायचा, डोकं सकाळपासून जड. वरण-भात चावतानाही घाम यायचा.

आखाजीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात आणि सण सरला की डोळे पुसत परत जातात. माझं माहेर नरडाण्याजवळ. मी आले, माझी आई कमलबाईनं माझं तोंड एकदा समोरून आणि एकदा बाजूनं पाहिलं, आणि मला परत पाठवलं नाही. मग व्हायचं ते झालं. बैठक बसली.

बैठक म्हणजे दोन्हीकडचे कर्ते पुरुष अंगणात सतरंजीवर बसतात, चहा होतो, सुपारी फिरते आणि बाईचं काय करायचं ते ठरतं. बाई आत असते. मधोमध तोताराम आबा होते, दोन्ही घरांच्या नात्यातले. मोडलेले संसार जोडून द्यायची त्यांना भारी हौस. कोणी मारलं हे त्या दिवशी एकाही तोंडातून निघालं नाही. ओट्यावरून पडली, असं नवलकडच्यांनी सांगितलं. माझे वडील सुकदेव, त्यांना आम्ही दादा म्हणतो, मूग गिळून बसले. शेवटी आबांनी निवाडा दिला. "पोरना दातना इलाज नवलनी करी देवाना. दात जुयनात का पोरले नांदाले धाडी देवानं."

म्हणजे इलाजाचा खर्च नवलचा, आणि दात जुळले की मला परत नांदायला धाडायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढा न्याय झाला! नवऱ्याला खर्चात पाडलं, आणखी काय पाहिजे? भिंतीआड ऐकताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोटारसायकल दुरुस्तीला टाकतात तसं मला टाकलं होतं. दुरुस्त झाली की मालक येऊन घेऊन जाणार, आणि पुन्हा आपटायला मोकळा होणार.

धुळ्याला दातांच्या डॉक्टर कामिनी मॅडमकडे आई मला घेऊन गेली. मूळच्या जळगावच्या, चाळिशीच्या, बोलायला फटकळ. त्यांनी फोटो काढले, दातांचे साचे घेतले आणि समोर स्टुलावर बसल्या.

"तुझे दात वाकडे नाहीत. दात चांगले आहेत. खालचा जबडा ज्या जागी बसतो ती जागा चुकली आहे."

मला काही कळलं नाही. त्यांनी स्वतःचे दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून दाखवलं. तोंड उघडं असताना खालचा जबडा कानापुढच्या सांध्यात एका जागी निवांत बसतो. तोंड मिटलं की दातांना दात भेटायला हवेत, म्हणून तो ती जागा सोडून जिथे दात भेटतील तिथे सरकतो. "माणसाला दात टेकवल्याशिवाय चैन पडत नाही. त्यासाठी तुझे स्नायू दिवसभर जबडा ओढून धरतात. म्हणून डोकं दुखतं. मी नुसत्या तारा लावून दात सरळ दाखवू शकते, पण मग जबडा कायमचा चुकीच्या जागी राहील. आधी त्याची खरी जागा शोधायची. मग दात तिथे आणायचे."

"कशी शोधायची?"

"तू अंग ढिलं सोडायचं. मी हनुवटी धरून हलवेन. तू काहीही करायचं नाही."

मला खुर्चीत आडवं केलं आणि त्यांनी अंगठा माझ्या हनुवटीला लावला. पुढचं मी ठरवून केलं नाही. माझा हात उठला आणि त्यांच्या तोंडावर बसला. चष्मा उडून भिंतीवर आपटला आणि त्याची एक काच तडकली. आई ओरडली. मॅडमचा गाल लालबुंद झाला.

"वेडी आहेस का तू?" त्या ओरडल्या.

"हनुवटी कशाला धरली?" मीही ओरडले. "तो अशीच धरायचा. आधी धरायचा, मग मारायचा."

त्या भिंतीपाशी वाकल्या. फुटका चष्मा तसाच डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, "बरं. यापुढे विचारल्याशिवाय धरणार नाही." आणि खरंच, त्यानंतर प्रत्येक वेळी त्यांनी विचारलं. धरू? मी हो म्हणेपर्यंत हात हवेत थांबायचा. माझ्या शरीराला हात लावण्याआधी मला विचारणारं माणूस मला तोवर भेटलेलं नव्हतं, आणि हे लिहितानाही मला त्याचा राग येतो.

तरी जबडा ढिला सुटेना. मी सोडायला जाई तेवढा तो आवळला जाई. मग त्यांनी वरच्या दातांवर बसवायला एक पारदर्शक कडक पट्टी करून दिली. तिच्यावर खाच नाही, खळगा नाही, नुसतं सपाट. खालच्या दातांना अडकायला जागाच मिळाली नाही की जबड्याला लागलेली खोटी सवय हळूहळू सुटते, असं त्या म्हणाल्या. मी ती पट्टी घालून झोपले, शेतात गेले, भांडी घासली. काही महिन्यांनी एका सकाळी उठले, तर कान ठणकत नव्हता. मी अंथरुणात बसून रडले. धुळ्याला गेल्यावर मॅडमनी विचारून हनुवटी धरली आणि ती दारासारखी सहज हलली.

"सापडली जागा," त्या म्हणाल्या. पट्टी काढून त्यांनी दातांमध्ये निळा कागद ठेवला आणि मिटायला सांगितलं. निळा ठिपका उठला तो एकाच दाढेवर. जबडा जागेवर आला होता, पण त्या जागी दात पूर्वीपेक्षाही लांब राहिले होते. मॅडम म्हणाल्या, असंच होतं, आता तारा लावू, वरून खाली रबर लावू, दात ओढून आणू.

मला तर हसूच आलं. दात जेवढे लांब, तेवढी साक्री लांब.

तारा लागल्या. रोज लावायला बारीक रबरं मिळाली. आणि मी उद्योग सुरू केला. दवाखान्यातून निघाल्यावर एसटीतच रबरं काढून खिडकीबाहेर टाकायची. ऊस खायचा, फुटाणे खायचे, दातांवर चिकटवलेल्या चकत्या तुटल्या नाहीत तर दादांच्या पकडीनं उपटायच्या. हिरड्या सोलून निघायच्या, रक्त यायचं. मी आरशासमोर उभी राहून थुंकायचे आणि पुन्हा पकड लावायचे. एकदा चकतीबरोबर दाताचा टवकाही उडाला. आईनं पाहिलं. तिनं पकड हिसकावून घेतली नाही, तिनं दार लावून घेतलं, म्हणजे दादांना दिसू नये.

पुढच्या वेळी मॅडमचा मात्र पारा चढला. "हे चुकून तुटत नाही," त्यांनी तुटक्या दातावर बोट ठेवलं. "कोण करतंय? तो?"

"मी."

"का?"

"दात जुळले की मला नांदायला जायचंय. बैठकीत ठरलंय."

त्यांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये फेकलं. "मग मी काय करू? वाकडं ठेवू? जबडा जागेवर आणि दात हवेत, असं किती वर्षं चालेल? सांधा झिजेल, पुन्हा सरकेल. चाळिशीत तोंड उघडणार नाही तुझं."

"तुम्हाला काय जातंय सांगायला? तुम्हाला नाही जायचं त्या घरात."

"नाही जायचं मला. पण दात तुझे आहेत की बैठकीचे? त्यांना मापं घेऊ दे त्यांच्या दातांची. तू तुझं तोंड कशाला फोडतेस?"

परत येताना एसटीत मला खूप संताप आला, आधी मॅडमचा, मग आबांचा, मग दादांचा, आणि नरडाणा येईपर्यंत माझा. नवलनं माझा जबडा एकदा मोडला होता. मी तो रोज मोडत होते, त्याच्याच भीतीनं, त्याच्या वतीनं. त्याला तर आता हात उचलायचीही गरज उरली नव्हती. मी पिशवीतून रबर काढलं आणि लावलं. जायचं की नाही हे दातांवर सोडायचं नाही, ते मी माझ्या तोंडानं सांगेन, असं ठरवलं. कोणाला सांगेन आणि कसं, हे ठाऊक नव्हतं.

पुढची आखाजी तोंडावर आली तेव्हा निळे ठिपके दोन्हीकडच्या दाढांवर उठायला लागले होते. तारा अजून होत्या, पण मी दोन्ही बाजूंनी चावत होते. नवलनं मॅडमना फोन करून विचारलं, दात जुळले का. मॅडमनी सांगितलं, पेशंटला विचारा. त्याला ते झोंबलं. बैठक पुन्हा बसली, दिवसाढवळ्या, आमच्याच अंगणात. या वेळी मला बाहेर बोलावलं, कारण माल तपासायचा होता.

ऊन चांगलंच होतं. सतरंजीवर तीच माणसं. नवल पांढऱ्या शर्टात, त्याच्या मागे बेबाबाई. मी समोर उभी राहिले. आबांनी विचारलं, "काय व पोरी, दात जुयनात का?"

"दात जुयनात," मी म्हणाले. "पन मी जावाव नही."

आबा हसले, पोरं काहीही बोलली की हसतात तसं. "बैठकमा जे ठरनं ते ठरनं, माय. डॉक्टरनी काय सांगं?"

"डॉक्टर कसाले लागस?" नवल उठला. "दात देखानं ते मना रोजनं काम शे."

आणि लोक हसले. दादाही हसले, तोंडातल्या तोंडात, जावई बोलला म्हणून. ते मी पाहिलं.

नवल माझ्यासमोर आला. डाव्या हातानं माझी हनुवटी धरली आणि उजव्या अंगठ्यानं वरचा ओठ उचलला. त्याच्या बोटांना चाऱ्याचा आणि बैलाच्या लाळेचा वास होता. "उघाड," तो म्हणाला. मी उघडलं नाही. त्यानं हनुवटीवरची पकड आवळली आणि माझ्याच कानाशी, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "उघाड व, का आखो देऊ?" आणखी एक ठेवून देऊ का, असं.

मी तोंड उघडलं. त्यानं अंगठा गालाच्या आतून दाढांपर्यंत सारला.

मी मिटलं.

जुन्या जबड्यानं चावले असते तर दात घसरले असते. हा जबडा घसरला नाही. तो जिथे बसायला हवा तिथे बसला होता आणि दोन्ही बाजूंचं सगळं बळ त्या अंगठ्यावर आलं. कातडी लगेच फाटली. मग काहीतरी चिवट लागलं, मग हाड. नवल आधी ओरडलाच नाही, नुसता श्वास आत ओढला. मग जे ओरडला, ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. त्याचं गरम रक्त माझ्या जिभेवर, घशात, हनुवटीवरून गळ्यात. मला ओकारी आली. मी सोडलं नाही.

त्यानं डाव्या हाताची मूठ माझ्या कानाखाली घातली. तिथेच, त्याच जागी. डोळ्यांपुढे पांढरं झालं, तारेची टोकं ओठात घुसली. त्यानं पुन्हा मारलं. बेबाबाई मागून माझ्या झिंज्या ओढत होती, पाठीवर चप्पल हाणत होती, "सोड व रांड! मना पोरना हात तोडी टाका हिनी!" कोणीतरी माझ्या पोटात गुडघा घातला. कोण ते मला आजही माहीत नाही. माणसं एकामागून एक अंगावर येत होती आणि सगळे मला ओढत होते. त्याला एकानंही ओढलं नाही. तिसरी मूठ बसली तेव्हा दातांखाली टचकन काहीतरी सुटलं. मी तोंड उघडलं आणि सतरंजीवर थुंकले. नखासकट अंगठ्याचं टोक तोताराम आबांच्या सुपारीच्या डब्याशेजारी जाऊन पडलं.

नवल मातीत बसला. उरलेला अंगठा दुसऱ्या हातात धरून लहान मुलासारखं आई आई करत होता. मी दोन पावलं पुढे गेले, आणि हा धिप्पाड माणूस, बैलांना वेसण घालणारा, बसल्या बसल्या मागे सरकला. मला फार बरं वाटलं. मी खोटं सांगणार नाही, आयुष्यात तेवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मग मी दात मिटून पाहिले. वरचे खालच्यांवर बसले, दोन्ही बाजूंना. हाड शाबूत होतं.

"हाई बाई नही, कुत्री शे," बेबाबाई छाती बडवत होती. "आम्हले नको! पोलिसमा देऊ!"

"द्या," मी म्हणाले. बोलताना रक्ताचे शिंतोडे उडत होते. "मीबी येस. माले कोनी मारं ते आते सांगस."

आणि तेव्हा दादा उठले. मला वाटलं माझ्याकडे येतील. ते नवलकडे गेले. डोक्यावरची पांढरी टोपी काढली, त्याच्या पायापुढे मातीत ठेवली आणि हात जोडले. "चुकनं पोरनं. दवाखानामा मीच लई जास तुम्हले. पन आबा, मी पाया पडस, तिले टाकू नका. घेई जा."

माझ्या अंगातलं बळ तेव्हा गेलं. गुडघा पोटात बसला तेव्हा गेलं नव्हतं, तेव्हा गेलं. मला त्यांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं आणि त्यांच्या कुशीत तोंड खुपसावंसंही वाटलं, दोन्ही एकदम.

"दादा," मी म्हणाले, "टोपी उचला. नहीते पुढला आंगठा तुम्हना शे."

कोणीतरी "माय व" म्हणालं. दादांनी हात उगारला. माझ्यावर त्यांनी लहानपणीही कधी उगारला नव्हता. मी हलले नाही, त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांची नजर माझ्या तोंडावरून घसरून कानाकडे गेली. कानातून रक्ताची धार मानेवर उतरत होती, ती मला त्यांच्या डोळ्यांतूनच समजली.

"आते काय देखं तुम्ही?" मी विचारलं. "मी ओटावरथीन पडनी का?"

वर्षभर त्यांनी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. ऐकलेलं माणसाला गिळता येतं. आज त्यांच्या अंगणात, त्यांच्या हाताच्या अंतरावर, जावयानं त्यांच्या लेकीच्या कानाखाली तीन मुठी घातल्या होत्या आणि ते तिथे उभे होते. उगारलेला हात त्यांनी कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. तो हळूहळू त्यांच्याच उघड्या टकलावर आला. वाकून त्यांनी नवलच्या पायापुढची टोपी उचलली, झटकली नाही, तशीच मातीची डोक्यावर घातली.

"सुकदेव, बस," आबा म्हणाले. "डोकं शांत ठेव. बैठक आजून व्हयनी नही."

"उठाडा बैठक, आबा," दादा म्हणाले. "सतरंजी मना घरनी शे."